साडेपाच तास कोठे मिळवायचे?

मागे एका शाळेकडून आमच्याकडे तापमानाच्या नोंदींची एक फाइल आली. शाळेच्या गच्चीवर सावलीत एक संवेदक बसवला होता आणि तो दर दहा मिनिटांनी आपले वाचन एका छोट्या लिनक्स संगणकाकडे पाठवत होता. शिक्षकांनी आणि नववीच्या मुलांनी हे सारे स्वतः उभे केले होते, कौतुक वाटावे असे. पण आलेख काढल्यावर मुले गोंधळली. दिवसातले सर्वांत जास्त तापमान सकाळी नऊच्या सुमारास आणि सर्वांत कमी रात्री साडेबाराच्या आसपास! पाठ्यपुस्तक तर सांगते की उच्चांक दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान येतो आणि नीचांक सूर्योदयाच्या वेळी.

चाणाक्ष वाचकांनी नऊमध्ये साडेपाच मिळवून पाहिलेही असतील. नऊ अधिक साडेपाच म्हणजे दुपारचे अडीच. साडेबारा अधिक साडेपाच म्हणजे पहाटेचे सहा. संवेदक बरोबर होता, सूर्यही बरोबर होता. संगणक जागतिक वेळेत नोंद करत होता, एवढेच. मुलांनाही हे कोडे आमच्या मदतीशिवाय सुटले होते. आमच्यापर्यंत ती फाइल आली ती त्यानंतर केलेल्या दुरुस्तीमुळे. संगणकाचे घड्याळ साडेपाच तास मागे आहे असे समजून कोणी तरी ते साडेपाच तास पुढे केले. मनगटावरचे घड्याळ मागे पडले तर आपण काटे फिरवतोच, तसेच हे. आठ-दहा दिवस सगळे छान चालले. मग शाळेत इंटरनेटची जोडणी आली आणि एका क्षणी संगणकाचे घड्याळ आपोआप साडेपाच तास मागे गेले. त्या दिवशीच्या साडेपाच तासांच्या नोंदी फाइलमध्ये दोन-दोनदा दिसू लागल्या, तापमाने मात्र वेगवेगळी.

ही दुरुस्ती वरवर अगदी सरळ दिसते आणि नेमकी तीच नको असते. का, ते समजण्यासाठी युनिक्स आणि तिच्या वळणाने तयार झालेल्या लिनक्ससारख्या प्रणाली वेळ कशी सांभाळतात हे पाहावे लागेल.

यंत्राच्या आत एकच आकडा

आपण वेळ सांगतो तेव्हा वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिटे असा सारा पसारा सांगतो. युनिक्सच्या गाभ्यात यातले काहीच नसते. तेथे असतो फक्त एक वाढत जाणारा आकडा : १ जानेवारी १९७० रोजी जागतिक वेळेप्रमाणे मध्यरात्रीचे शून्य वाजले, त्या क्षणापासून किती सेकंद झाले. जागतिक वेळ म्हणजे अणुघड्याळांच्या आधारे राखलेली, यूटीसी या नावाने ओळखली जाणारी वेळ. जुनी ग्रीनिच वेळ आणि ही यांत सेकंदापेक्षाही कमी फरक असतो, म्हणून शाळेपुरत्या त्या एकच मानायला हरकत नाही.

वर्गात करण्याजोगे एक गणित देतो. हा आकडा १,००,००,००,००० म्हणजे एक अब्ज झाला तो क्षण कोणता? एका दिवसात ८६,४०० सेकंद. भागाकार केला की ११,५७४ पूर्ण दिवस मिळतात आणि ६,४०० सेकंद उरतात, म्हणजे १ तास ४६ मिनिटे ४० सेकंद. लीप वर्षे ध्यानात घेऊन दिवस मोजत गेलो की ९ सप्टेंबर २००१ ही तारीख येते. जागतिक वेळ पहाटेची १:४६:४०. भारतात तेव्हा सकाळचे ७:१६:४० झाले होते आणि न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशीचे, म्हणजे ८ सप्टेंबरचे, रात्रीचे ९:४६:४०. तीन शहरे, तीन वेळा, दोन तारखा, पण आकडा एकच. (अधूनमधून घातल्या जाणाऱ्या लीप सेकंदांची या मोजणीत दखल घेतली जात नाही. १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.)

ही पद्धत पहिल्यापासून अशीच नव्हती. १९७१ मधल्या पहिल्या युनिक्समध्ये सेकंदाचे साठावे भाग मोजले जात आणि आरंभ १ जानेवारी १९७१ हा होता. ३२ अंकी द्विमान संख्येत तो आकडा जेमतेम सव्वादोन वर्षे पुरला असता. पुढे सेकंद हे एकक आणि १९७० हा आरंभ ठरला. चिन्हासह ३२ द्विमान अंकांत मावणारे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतील, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. नव्या प्रणालींनी ६४ अंक वापरून ती सीमा कधीच दूर सारली आहे. जुन्या उपकरणांच्या पोटात दडलेल्या संगणकांची चिंता मात्र आहे.

मग आपल्याला पडद्यावर दिसते ती वेळ कोठून येते? ती दर वेळी नव्याने काढली जाते. आपण वेळ विचारली की प्रणाली तो आकडा घेते, 'या वापरणाऱ्याला कोणत्या ठिकाणची वेळ हवी आहे' ते पाहते, त्या ठिकाणचा नियम लावते आणि उत्तर दाखवते. तापमापीची उपमा येथे चांगली लागू पडते. पारा एकच, पण त्याच्या एका बाजूला सेल्सिअसची पट्टी असते आणि दुसऱ्या बाजूला फॅरनहाइटची. बर्फात बुडवलेली तापमापी ३२ दाखवते म्हणून कोणी पारा आणखी थंड करायला जात नाही. आपण दुसरी पट्टी वाचतो. संगणकाच्या वेळेत पारा म्हणजे सेकंदांचा आकडा आणि पट्टी म्हणजे टाइम झोन. शाळेत पट्टी बदलायची होती आणि पारा वर चढवला गेला.

आता त्या फाइलचे काय झाले ते सांगून टाकतो. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. नोंदींचे तीन तुकडे होते. पहिल्या तुकड्यात आकडा बरोबर, दुसऱ्यात तो १९,८०० ने जास्त, आणि इंटरनेट आल्यानंतर तिसऱ्यात पुन्हा बरोबर. घड्याळ पुढे केव्हा केले याची नोंद कोणी ठेवली नव्हती. पण तापमानाने साक्ष दिली. उच्चांक नऊवरून एकदम अडीचवर ज्या दिवशी सरकला, त्या दिवसाच्या नोंदींत साडेपाच तासांची एक रिकामी फट सापडली. तेथपासून पुढे, वेळ मागे उडी घेते त्या ओळीपर्यंत, प्रत्येक आकड्यातून १९,८०० वजा केले आणि फाइल सलग झाली. मोजणी पावसाची किंवा विजेच्या वापराची असती तर अशी साक्ष मिळाली नसती, आणि ते आठ-दहा दिवस टाकून द्यावे लागले असते.

घड्याळ पुढे ढकलण्याचे तोटे एवढ्यावर थांबत नाहीत. अशा संगणकावरून पाठवलेले पत्र उद्याच्या तारखेचे दिसू शकते. एखादी फाइल आधी बदलली की नंतर, हे वेळेवरून ठरवणारे कार्यक्रम फसतात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रेही ठरावीक काळापुरती वैध असतात; घड्याळ पुरेसे चुकले की धडधाकट प्रमाणपत्र नाकारले जाते.

शून्य वाजता लंडनमध्ये एक

पट्टी बदलायची म्हणजे साडेपाच ही संख्या कोठे तरी लिहून ठेवायची, एवढेच ना? भारतापुरते पाहिले तर जवळजवळ एवढेच. पण एक गंमत पाहा. संगणकाला विचारले की तुझा आकडा शून्य होता त्या क्षणी कोणत्या शहरात किती वाजले होते, तर मुंबईसाठी उत्तर येते १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. न्यूयॉर्कसाठी येते ३१ डिसेंबर १९६९, संध्याकाळचे सात. आणि लंडनसाठी? ग्रीनिच लंडनमध्येच, तेव्हा शून्य यायला हवे. उत्तर येते, रात्रीचा एक!

संगणक चुकलेला नाही. ब्रिटनने २७ ऑक्टोबर १९६८ पासून ३१ ऑक्टोबर १९७१ पर्यंत बाराही महिने घड्याळे एक तास पुढे ठेवून पाहिली होती. तो प्रयोग पुढे सोडून देण्यात आला, पण त्या तीन वर्षांत लंडनच्या भिंतींवरची घड्याळे जे दाखवत होती ते दाखवतच होती. म्हणजे 'लंडनची वेळ' ही एक संख्या नसून तो एक इतिहास आहे. केव्हापासून केव्हापर्यंत कोणता नियम, याची यादी असल्याशिवाय जुन्या आकड्याचे स्थानिक वेळेत रूपांतर होत नाही.

जुन्या युनिक्समध्ये अशी यादी नव्हती. सत्तरच्या दशकात ग्रीनिचपासूनचे अंतर आणि अमेरिकेचे उन्हाळी वेळेचे नियम थेट प्रणालीच्या आज्ञावलीत लिहिलेले असत. तेलटंचाईच्या काळात अमेरिकेने १९७४ आणि १९७५ मध्ये हे नियम बदलले, तेव्हा तेवढ्या दोन वर्षांसाठी आज्ञावलीत खास ओळी घालाव्या लागल्या. दर कायद्यागणिक आज्ञावली बदलत बसायचे, हे किती दिवस चालणार? ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारे आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी नियम आज्ञावलीतून बाहेर काढले आणि स्वतंत्र कोष्टकांत ठेवले. सरकारने कायदा बदलला की नुसते कोष्टक बदलायचे, प्रणालीला हात लावायचा नाही. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात भर घातली. पुढे पॉल एगर्ट यांनी त्याची धुरा घेतली आणि २०११ पासून इंटरनेटचे क्रमांक व नावे सांभाळणारी आयाना ही संस्था ते प्रसिद्ध करते. लिनक्स असो, मॅक असो की अँड्रॉइड फोन, सर्वांच्या पोटात हेच कोष्टक आहे. एवढ्या कामाच्या गोष्टीची फारशी कोणाला खबरही नसावी, हे आम्हाला नवल वाटते.

कोष्टकात देशांऐवजी खंड आणि शहर अशी नावे असतात. देशांच्या सीमा आणि नावे बदलतात, शहरे त्या मानाने टिकतात. एका देशात अनेक वेळाही असू शकतात. नियम असा की ज्या प्रदेशात १९७० पासून आजवर सर्व घड्याळे एकसारखी चालली, त्या प्रदेशाला एक नाव द्यायचे, सहसा तेथल्या सर्वांत मोठ्या शहराचे. सगळ्या भारताला मिळून 'आशिया/कोलकाता' हे एकच नाव आहे. २००८ पर्यंत ते 'आशिया/कलकत्ता' असे होते आणि ते जुने नावही अजून चालते. मुंबई, दिल्ली, नागपूर यांची नावे शोधत बसू नये, ती तेथे नाहीत.

भारताच्या पानावर साडेपाच ही एकच ओळ असेल असे वाटेल. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती : प्रथम १ ऑक्टोबर १९४१ पासून १५ मे १९४२ पर्यंत, आणि पुन्हा १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. या काळात आपण ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होतो. जन्मपत्रिका करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. १९४३ सालच्या जन्मवेळेतून ते न चुकता एक तास वजा करतात. पत्रिकेवर आमचा विश्वास नाही, पण या वजाबाकीवर आहे, आणि संगणकही ती बरोबर करतो.

मुंबईच्या बाबतीत मात्र कोष्टक तोकडे पडते. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.८ अंश पूर्व. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे येते आणि मुंबई तीच वेळ पाळत असे. रेल्वे मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेवर चालत, ती ५ तास २१ मिनिटे पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईत मोठी खळबळ झाली. आपला दिवस ३९ मिनिटे आधी सुरू होणार म्हणून गिरणी कामगारांनी विरोध केला, महापालिकेनेही जुनी वेळ धरून ठेवली. 'मुंबई वेळ' आणि 'प्रमाणवेळ' अशा दोन वेळा या शहरात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदल्या. पण कोष्टकाचा कटाक्ष १९७० नंतरच्या काळावर असल्याने मुंबईला वेगळे पान नाही. १८९० सालच्या मुंबईतल्या एखाद्या घटनेची वेळ संगणकाला विचारली तर तो ५ तास २१ मिनिटे १० सेकंद धरून, म्हणजे मद्रासची वेळ समजून, उत्तर देतो. सुमारे अर्ध्या तासाचा फरक. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्या ३९ मिनिटांचा पडताळा आजही घेता येतो. मुंबईत उभ्या काठीची सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, सरासरी १२:३९ ला. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १२:५३ आणि नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२:२३. पूर्वेकडच्या नागपूरकरांना हाच प्रयोग बराच आधी उरकावा लागेल.

प्रत्यक्ष काय करायचे

प्रथम एक सूचना. आज्ञा आणि फाइलींची नावे आम्ही येथे देवनागरीत दिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीत टंकावीत. आज्ञा व फोल्डर लहान अक्षरांत, खंडाचे आणि शहराचे पहिले अक्षर मोठे, 'टीझेड' ही दोन्ही अक्षरे मोठी. युनिक्स हा भेद काटेकोरपणे पाळते.

आधी निदान. 'डेट' ही आज्ञा स्थानिक वेळ दाखवते आणि शेवटी तिचे संक्षिप्त नाव, आपल्याकडे 'आयएसटी'. 'डेट -यू' जागतिक वेळ दाखवते. 'डेट -यू' चे उत्तर बरोबर असेल, म्हणजे आपल्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा नेमके साडेपाच तास मागे असेल, तर पारा ठीक आहे. मग घड्याळाला हात लावण्याचे कारणच नाही. फक्त पट्टी बदला.

सर्व कोष्टके '/यूएसआर/शेअर/झोनइन्फो' या फोल्डरात असतात. त्यांपैकी कोणते कोष्टक साऱ्या यंत्रासाठी वापरायचे, ते '/ईटीसी/लोकलटाइम' ही फाइल ठरवते. बहुधा ती स्वतः फाइल नसून योग्य कोष्टकाकडे बोट दाखवणारा दुवा असते. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन आशिया/कोलकाता' एवढी एक आज्ञा तो दुवा बदलून देते. ती देण्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. नाव आठवत नसेल तर 'टीझेडसिलेक्ट' ही आज्ञा खंड आणि देश विचारून नाव सांगते, पण ती फक्त नाव सांगते, बदल करत नाही. बदलानंतर बराच काळ चालू असलेले कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू करावेत, कारण सुरुवातीला वाचलेली पट्टीच ते बहुधा धरून बसतात. शाळेची घंटा संगणकावरून वाजवणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावे. जागतिक वेळेवर चाललेला संगणक साडेदहाची घंटा दुपारी चार वाजता देईल.

एकाच यंत्रावर दोन माणसांना दोन वेगळ्या वेळा दिसू शकतात, आणि आमच्या मते वर्गात दाखवण्यासारखा सर्वांत चांगला प्रयोग हाच. 'टीझेड=अमेरिका/न्यू_यॉर्क डेट' अशी आज्ञा द्या, तेवढ्यापुरती न्यूयॉर्कची वेळ दिसेल. आता एक नवी फाइल तयार करा आणि तिची वेळ एकदा साधी आणि एकदा या पद्धतीने पाहा. फाइल तीच, तिच्यावरचा शिक्काही तोच, पण वेळा दोन दिसतात. मग 'डेट' पुढे अधिक चिन्ह, टक्क्याचे चिन्ह आणि लहान 'एस' हे अक्षर देऊन आतला आकडा पाहा, दोन्ही पद्धतींनी. तो बदलत नाही, नुसता पुढे सरकत राहतो. मुलांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की पुढचे समजावण्याची गरज उरत नाही.

या प्रयोगात एक खाचखळगा आहे. 'टीझेड=आशिया/मुंबई' असे लिहिले तर संगणकाने तक्रार करायला हवी. तो करत नाही! बहुतेक लिनक्स प्रणाली मुकाट्याने जागतिक वेळ दाखवतात आणि तिच्यापुढे 'आशिया' असे लिहितात. 'टीझेड=आयएसटी' लिहिले तर त्याहून वाईट. वेळ जागतिक आणि लेबल 'आयएसटी'. शिवाय 'आयएसटी' म्हणजे भारताची, इस्रायलची की आयर्लंडची वेळ, हेही त्या तीन अक्षरांवरून कळत नाही. तेव्हा संक्षिप्त नावावर विसंबू नये.

दुसरा खळगा चिन्हाचा. कोष्टकाविना, नुसत्या अंतराने पट्टी सांगण्याची जुनी रीत आहे. तीत भारतासाठी 'आयएसटी-५:३०' असे लिहितात. उणे का? कारण तेथे 'स्थानिक वेळेत किती मिळवले की जागतिक वेळ मिळेल' हा प्रश्न असतो, म्हणून पूर्वेकडच्या देशांना उणे आणि पश्चिमेकडच्यांना अधिक. आपण शाळेत शिकवतो ते बरोबर उलटे. पत्रांवर आणि नोंदींवर दिसणारे +०५:३० हे मात्र आपल्या रीतीचे आहे. कोष्टकाचे नाव वापरले तर या चिन्हाच्या भानगडीत पडावेच लागत नाही.

इंटरनेट जोडले की सगळे आपोआप होईल, हा समजही अर्धाच खरा. जाळ्यावरून येणारी वेळ जागतिक असते. ती आतला आकडा दुरुस्त करते, पट्टीबद्दल ती काही सांगत नाही. भारताची प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे, पण तुमच्या वर्गातल्या यंत्राला तुम्ही भारतात आहात हे सांगायचे काम तुमचेच.

ज्या शाळांत एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत तेथे आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते : एकीतून दुसरीत गेले की वेळ साडेपाच तास उडी मारते. संगणकात बॅटरीवर चालणारे एक छोटे घड्याळ असते. लिनक्स त्यात जागतिक वेळ आहे असे मानते, विंडोज स्थानिक. विंडोजने तेथे ११ लिहून ठेवले की लिनक्स ते जागतिक ११ समजून दुपारचे साडेचार दाखवते. भांडण मिटवायला दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत सांगावी लागते. लिनक्सला सांगणे सोपे : 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १'. जाणकार याला नाके मुरडतात, कारण जेथे वर्षातून दोनदा घड्याळे बदलतात तेथे यातून घोटाळे होतात. आपल्याकडे तसा बदल होत नाही, तेव्हा शाळेने हा मार्ग खुशाल घ्यावा.

पुढची वेळ

झालेल्या गोष्टीची वेळ नोंदवायची तर सेकंदांचा आकडा किंवा +०५:३० जोडलेली वेळ पुरेशी असते. जे घडले ते घडले. पुढे व्हायच्या गोष्टीचे तसे नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांशी दर रविवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला बोलायचे ठरले, तर त्यांच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात नऊ. मॉरिशसमध्ये शंभराहून अधिक वर्षांपासून वसलेली मराठी कुटुंबे आहेत. तो देश आपल्याहून दीड तास मागे. पण ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या काळात त्याने घड्याळे एक तास पुढे ठेवून पाहिली आणि मग तो नाद सोडला. त्या सहा महिन्यांत अंतर अर्ध्या तासाचे होते. हा निर्णय होण्याआधी तयार झालेल्या कोष्टकात तो कसा असणार?

लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये याहून बिकट प्रसंग आला. उन्हाळी वेळ २५ मार्चच्या मध्यरात्री सुरू व्हायची होती. जेमतेम दोन दिवस आधी सरकारने ती जवळजवळ महिनाभर पुढे ढकलली. काही संस्थांनी ते मानले नाही, आणि एकाच शहरात दोन वेळा चालू झाल्या. थोड्याच दिवसांत सरकारने माघार घेतली आणि २९ मार्चच्या मध्यरात्री घड्याळे पुढे झाली. आयानाच्या कोष्टकाची 'ब' आवृत्ती पुढे ढकलण्याच्या निर्णयासाठी निघाली, आणि आठवडा उलटायच्या आत तो पुसून टाकण्यासाठी 'क' आवृत्ती काढावी लागली. तोपर्यंत कोणाच्या फोनने पहिला नियम पाळला, कोणाच्या फोनने दुसरा.

म्हणून पुढच्या कार्यक्रमाची नोंद संगणकात सेकंदांच्या आकड्याने करू नये. तेथे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आणि ठिकाणाचे नाव अशी जोडी लिहावी, उदाहरणार्थ 'सकाळी १०:३०, आशिया/कोलकाता', आणि आकडा काढण्याचे काम त्या दिवशीच्या कोष्टकावर सोडावे. तापमानाच्या वहीत मात्र याच्या उलट : प्रत्येक ओळीत तारीख, वेळ आणि +०५:३०, आणि वहीच्या पहिल्या पानावर यंत्राची पट्टी कोणती होती व ती कोणत्या दिवशी बदलली, त्याची नोंद.